पथ्य सुटल्यावर

माझा दादा एका लॉजचा मॅनेजर आहे. मॅनेजर म्हणजे काउंटरमागे बसून किल्ल्या देणारा, त्या परत घेणारा आणि गरम पाणी का येत नाही याची कारणं सांगणारा माणूस. लॉज मोठ्या हॉस्पिटलच्या अगदी समोर असल्यामुळे तिथे हौसेनं कोणी उतरत नाही. येतात ते पेशंटचे नातेवाईक. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात थर्मास, आणि पिशवी खाली टेकवली की पहिला प्रश्न, "इथे जेवायचं कुठे?"

या प्रश्नाला उत्तर द्यावं ते आमच्या दादानंच. तो समोरच्याकडे एकदा बघतो आणि दोनच गोष्टी विचारतो. जेवण पेशंटसाठी की तुमच्यासाठी, आणि राहणार किती दिवस. दिवसांवरून त्याला खिसा कळतो. ज्याचा बऱ्याच दिवसांचा मुक्काम असेल त्याला तो 'जिन्याखाली' पाठवतो. दुकानांच्या इमारतीत जिन्याखालची जागा आहे, बाकावर मांडीला मांडी लावून बसावं लागतं, पण भात पुन्हा वाढतात आणि तोंड वाकडं करत नाहीत. ज्याचा खर्च कंपनी देते त्याला तो लिफ्टनं वर जायच्या हॉटेलात धाडतो, "पैसे तुमचे जात नाहीत ना, मग जा," असं सांगून. पथ्यवाले सगळे मावशीकडे. मावशीची खाणावळ बँकेच्या मागे आहे. तिथे बिनमिठाचं पातेलं वेगळं असतं, मांसमच्छी न खाणाऱ्यांची भांडी वेगळी असतात, दात नसलेल्यांसाठी भात मऊ करून मिळतो, आणि ज्यांना यातलं काहीच पथ्य नाही त्यांना तळलेला मासा. एका कुटुंबात पाच माणसं आणि पाच तऱ्हा होत्या, तर दादानं त्यांना तीन हॉटेलांत वाटून दिलं आणि चहाला एका टपरीवर परत गोळा केलं. मी म्हटलं, अरे, कमिशन घेतलं असतंस तर आज स्वतःचं हॉटेल असतं. तो म्हणाला, "मग मला तिथेच सगळ्यांना पाठवावं लागलं असतं."

आणि गंमत अशी, की यातल्या एकाही ठिकाणी तो स्वतः जेवलेला नव्हता. वहिनीचा डबा असायचा ना! जेवून आलेल्यांचे चेहरे बघून आणि परत आलेल्या पार्सलांचं वजन हातानं पारखून तो सगळं शिकला होता. वहिनी म्हणायची, "अख्ख्या दुनियेला जेवायला पाठवतात, आणि मला कधी हॉटेलची पायरी दाखवली नाही." दादाचं उत्तर ठरलेलं, "तुझ्या हातचं असताना कशाला?" यावर वहिनी माझ्याकडे वळायची. मला चिडवायचं असलं की ती मला मुद्दाम 'वन्सं' म्हणायची. "ऐकलंत वन्सं? याला कौतुक म्हणतात. एवढ्यात बिचाऱ्यांचं बिल वाचलं."

दादाच्या यादीत आणखी एक हॉटेल होतं, काचेचं. काचेची दारं, वाढणारी माणसं दर महिन्याला नवी, भाव चढे आणि सूप म्हणजे भांडी विसळलेलं पाणी. तिथे तो माणसं का पाठवतो हे मला कळायचं नाही. एकदा मी सुट्टीत आले असताना चांगले शिकलेले दोन भाऊ खाली आले, किल्ली ठेवली आणि म्हणाले, काहीतरी खाऊन निघतो. रोज मावशीकडे जाणारे, पण दादानं त्यांना काचेचं दार दाखवलं. ते गेल्यावर मी त्याला फैलावर घेतलं. त्यानं किल्ली खिळ्याला लावली आणि सांगितलं, "यांची आई सकाळी गेली. मावशीकडे गेले असते तर तिनं विचारलं असतं, कशी आहे आज आई. काचेच्या हॉटेलात कोणी काही विचारत नाही." एवढं बोलून तो गरम पाण्याच्या तक्रारीकडे वळला. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही.

मी दुसऱ्या गावी शाळेत शिकवते. मोठ्यानं बोलायची सवय आहे आणि मख्ख चेहऱ्यांचा मला तिटकारा आहे. पोरगं मार बसल्यावर रडलं पाहिजे आणि बक्षीस मिळाल्यावर हसलं पाहिजे, असं माझं साधं मत. दादाही पूर्वी असा नव्हता. लहानपणी माझ्या वेण्या ओढून पळणारा हाच. पण रोज सकाळी नवी रडणारी माणसं बघून त्याच्या आतलं काहीतरी बधिर झालं असावं, जसा मांडी घालून बसल्यावर पाय होतो. वहिनी ते चालवून घ्यायची. रात्री जेवताना ती त्याच्याकडून दिवसभराचं सगळं काढून घ्यायची, कोण आलं, कोण घरी गेलं, कोणाला कुठे जेवायला पाठवलं. तो कोरडेपणानं सांगायचा आणि त्याच्या वाटचं चुकचुकणं ती करायची.

मग वहिनीच आजारी पडली. पोटाचं दुखणं होतं. पित्त म्हणत म्हणत बरेच दिवस गेले आणि शेवटी रस्ता ओलांडून ती समोरच्या इमारतीत दाखल झाली. मी रजा टाकून आले. दादानं मला वरच्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली दिली. वहिनीला मीठ बंद, तेलकट बंद, तिखट बंद. मावशीकडून बिनमिठाचं यायचं. वहिनी डबा उघडून वास घ्यायची आणि म्हणायची, "वन्सं, हे खाण्यापेक्षा दुखणं परवडलं." डबा बंद झाल्यापासून दादा चहा आणि ब्रेडवर होता. शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली होती. मी म्हणायची, अरे, मावशीकडे जाऊन जेव ना. तो म्हणायचा, जाईन. ड्युटी संपली की वॉर्डात जाऊन वहिनीच्या पलंगाशी स्टुलावर बसायचा, आणि वॉर्डातून हाकललं की काउंटरवर.

एका सकाळी मोठे डॉक्टर आले. कागद बघितले, वहिनीच्या पोटावर हात ठेवला, आणि बाहेर व्हरांड्यात येऊन मला म्हणाले, "आता पथ्याची गरज नाही. त्यांना जे आवडेल ते खाऊ द्या."

मी जिने उतरले कशी आणि रस्ता ओलांडला कसा, मला आठवत नाही. लॉजच्या दारातूनच ओरडले, "दादा, पथ्य सुटलं! काहीही खाऊ द्या म्हणाले!" काउंटरवर एक म्हातारे गृहस्थ बिनसाखरेचा चहा कुठे मिळतो ते विचारत होते. दादानं आधी त्यांना नीट सांगितलं, कोपऱ्यावरून वळा, निळी पाटी. ते गेल्यावर माझ्याकडे बघितलं.

"कोणी सांगितलं? मोठ्या डॉक्टरांनी की शिकाऊ?"

"मोठ्या."

"बरं," तो म्हणाला आणि पेनाला टोपण लावलं.

माझं डोकं फिरलं. "बरं काय बरं? बायको बरी होतेय आणि तू असा ढिम्म? माणूस आहेस की काउंटर?"

"बस," तो म्हणाला. मी बसले नाही. तो उभ्या उभ्याच बोलला, जसं पाहुण्यांना रस्ता सांगतो तसं. "पथ्य सुटलं म्हणून सांगायला इथे दोन तऱ्हेची माणसं येतात. एकांना घरी जायची तारीख दिलेली असते. तुला तारीख सांगितली का?"

सांगितली नव्हती.

मी तेव्हा बसले. मला रडू यायला हवं होतं, ते आलं नाही. मला दादाचा भयंकर राग आला. त्यानं हे आधीच ओळखलं याचा, आणि त्याचा आवाज कापला नाही याचा. मी त्याला तसं म्हटलंही. तो म्हणाला, "मला आत काहीच होत नाहीये गं. मी वाट बघतोय, होईल म्हणून. होतच नाही. तुला वाटतं मला ते बरं वाटतंय?"

वहिनीला सांगायचं नाही असं आम्ही ठरवलं. मी चेहरा हसरा करून वर गेले आणि विचारलं, वहिनी, काय खायचंय सांग, डॉक्टरांनी परवानगी दिलीय. ती म्हणाली, "तारीख नाही ना दिली?"

मी खिडकीकडे बघितलं.

"अहो वन्सं, इतकी वर्षं रोज जेवताना मी हेच ऐकलंय," ती म्हणाली. तिचा चेहरा पिवळा पडला होता, पण आवाज नेहमीचा. "असू दे. मला हॉटेलात जायचंय. पार्सल नको. टेबलाशी बसून, ह्यांच्याबरोबर. एकदाच. पुढच्या आठवड्यात मला बसवेल असं वाटत नाही."

आता सगळं दादावर येऊन ठेपलं, आणि दादा हलेना. आधी म्हणाला, ड्युटी आहे. मी लॉजच्या मालकांना फोन करून दुपारपुरती सुट्टी मागितली, ते स्वतः काउंटरवर येऊन बसायला तयार झाले. मग म्हणाला, हॉस्पिटल सोडणार नाही. वॉर्डातल्या सिस्टरांनी व्हीलचेअर दिली आणि दुपारच्या औषधाच्या आत या म्हणाल्या. मग म्हणाला, "तिला त्रास होईल, मी गरम गरम घेऊन येतो ना." मी म्हटलं, "तिला जेवण नकोय, तू हवा आहेस. एवढंही कळत नसेल तर मी तिला एकटी नेते, आणि पुन्हा तुझ्या दारात पाय ठेवणार नाही." माझा आवाज लॉजभर गेला असणार. जिन्यावर दोन पाहुणे थबकले. दादानं चपला घातल्या.

भर दुपारी आम्ही निघालो. खुर्ची तो ढकलत होता. वहिनीनं शाल घेतली होती आणि केस मला नीट विंचरायला लावले होते. रस्ता ओलांडल्यावर दादानं खुर्ची डावीकडे वळवली. डावीकडे काचेचं.

"तिकडे नको," वहिनी म्हणाली.

"तिथे शांत असतं."

"मला माहीत आहे तिथे काय असतं. मला मावशीकडे जायचंय."

"ती विचारेल."

"विचारू दे की. मी सांगेन. तुम्हाला नाही बोलावं लागणार."

खुर्ची काही वेळ तशीच उभी राहिली. मागून एक रिक्षावाला हॉर्न वाजवत होता. मग दादानं ती उजवीकडे वळवली.

मावशीनं दारातच बघितलं आणि हात पुसत पुढे आली. "तिघं आहोत," दादा म्हणाला. आवाजावरूनच तिनं त्याला ओळखलं, इतकी वर्षं फोनवर बोलून. "आलात एकदाचे," म्हणाली, आणि वहिनीला, "कसं वाटतंय आता?"

"मी आता बरी होणार नाही," वहिनी म्हणाली. "म्हणून तळलेला मासा द्या."

मावशीनं टेबल पुसलं, एक खुर्ची काढून व्हीलचेअरला जागा केली आणि तवा ठेवायला आत गेली. मला वाटलं होतं की कोणीतरी रडेल. शेजारच्या टेबलावरची माणसं जेवत होती, पंखा कुरकुरत होता, आणि आम्ही तिघं मीठदाणीकडे बघत बसलो होतो.

मासा आला, भात आला. वहिनीनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दुसरा घास घेतला. तिसरा तिनं बराच वेळ तोंडात धरला आणि मग पाणी मागितलं. तेवढंच. दादाचं ताट तसंच होतं.

"जेवा," ती म्हणाली.

तो जेवायला लागला. खाली मान घालून, एकसारखा, काम उरकावं तसा.

"कसं आहे?"

दादाचा हात थांबला. हजारो माणसांना त्यानं ह्या ताटाकडे पाठवलं होतं. "कळत नाहीये गं," तो म्हणाला. "खरंच. मला कसलीच चव कळत नाहीये."

वहिनीनं आपल्या ताटातला माशाचा तुकडा काटे काढून त्याच्या भातावर ठेवला.

"चांगलं आहे," ती म्हणाली. "मीठ जरा पुढे आहे, पण चांगलं आहे. माझ्यापेक्षा मासा बरा करते ही. लोकांना सांगत जा."

"सांगेन," दादा म्हणाला, आणि तो तुकडा त्यानं खाल्ला.

त्यानंतर वहिनी फार दिवस नव्हती. ती गेली त्या दिवशी सगळं आटोपल्यावर दादा मला काचेच्या हॉटेलात घेऊन गेला. सूप पाणचट होतं. कोणी काही विचारलं नाही. मला ते बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचा राग आला. तो रडला नाही. मी त्याला माझ्याकडे चल म्हटलं, तो नाही म्हणाला. रजा संपली तशी मी परत गेले.

परवा सुट्टीत त्याच्याकडे गेले होते. कॉलर अजून सैलच आहे. काउंटरसमोर एक तरुण जोडपं उभं होतं, पिशव्या अजून हातातच. दादानं त्यांना दोन प्रश्न विचारले आणि सांगितलं, बँकेच्या मागे मावशीकडे जा, तिथला मासा चांगला असतो. बाई जरा चिकित्सक होती. तिनं विचारलं, "तुम्ही खाल्लाय का?"

"माझ्या बायकोनं खाल्लाय," दादा म्हणाला. "मीठ जरा पुढे असतं, असं म्हणाली." आणि त्यानं त्यांना किल्ली दिली.