आठ कोर की सहा

सेलेस्तीनने तव्यावर दुसरं घावन घातलं आणि मान वळवून संगणकाच्या पडद्याकडे पाहिलं. व्हिडिओ चौतीस टक्के तयार. पहिलं घातलं तेव्हा एकतीस होते. शेजारच्या खुर्चीत तिचा भाचा सिडनी चहा पीत होता. कुडाळला त्याचं संगणक दुरुस्तीचं दुकान. पायाशी पिशवीत दोन नवे प्रोसेसर, एक आठ कोरचा, एक सहाचा. एक ठेवायचा, दुसरा परत न्यायचा.

मालवणात समुद्रात बुडी मारायला येणाऱ्या पर्यटकांचे व्हिडिओ सेलेस्तीन सहा वर्षं घरी बसून जुळवते. पाण्याचा हिरवा रंग उतरवून माणसाचं तोंड माणसासारखं करायचं, आणि पाहुणा गाडीत बसायच्या आत व्हिडिओ त्याच्या हाती द्यायचा. सुरुवातीला हौस होती. आता डोळे चुरचुरतात, खांदा धरतो. चर्चमध्ये मिसाला जातानासुद्धा ती एखादा व्हिडिओ तयार व्हायला लावूनच निघते.

दार वाजलं. बोटवाला मंगेश, हातात कॅमेऱ्यांची चार कार्डं.

"सेलेस्तीनबाय, कालची मंडळी व्हिडिओ न घेताच गेली गो. ह्या महिन्यात तिसरी खेप. जेटीवर एकान नवीन मशीन घेतल्यान. आयतवारपर्यंत बघतंय, मगे कार्डां थंय धाडतलंय."

तो चिडून बोलला असता तर बरं, असं तिला वाटलं. तो नुसता दमून बोलला.

"आत ये. घावन खा," ती म्हणाली.

सिडनीने पिशवी उघडली. "आंटी, डोक्याक ताप कित्याक? आठ कोरचो बसवया. सहा म्हणजे रिक्षा."

"रिक्षाच बरी, घरापर्यंत येता. तुझ्या आठ कोरच्यात चित्राचो भाग आसा?"

सिडनीने आठ कोरचा खोका बाहेर काढला. तिच्या संगणकात वेगळं ग्राफिक कार्ड नव्हतं. पडद्यावर चित्र यायचं ते जुन्या प्रोसेसरच्याच जिवावर. व्हिडिओ तयार होईपर्यंत बसून राहावं लागायचं, त्या वेळात तिने मोबाइलवर हे सगळं वाचून काढलं होतं. सिडनीने खोका फिरवून बारीक अक्षरं वाचली.

"नाय."

"म्हणजे मशीन धावतला आणि माका काळो पडदो."

"दर्याच्या तळातलो व्हिडिओ," मंगेश घावन चावत म्हणाला.

"वेगळां कार्ड घालूया," सिडनीने खोका खाली ठेवला नाही.

"मगे विजेची पेटी मोठी होई, संगणकाचो डबो मोठो होयो. सहाचो काढ. तेच्यात चित्राचो भाग आसा, जुन्या बोर्डावर बसता. बसवाक किती वेळ?"

"बोर्डाक आधी अपडेट मारूक होयो. मगे जुनो काढूचो, नवो बसवून तपासूचो. अडला तर पुरो दिस जातलो."

"मगे दुपारी जेवणाच्या टायमाक बसव," मंगेश म्हणाला. "सकाळची कार्डां हातावेगळी झाली काय झाला."

सेलेस्तीनने तवा उतरवला. चुलीपाशी उभ्यानेच तिने आठवून पाहिलं. मंगेशच्या कार्डांवाचून गेलेला एक दिवस, तापाचा, सणाचा, कसलाही. सापडला नाही. ती येऊन त्याच्यासमोर बसली. पडद्यावर एकोणचाळीस टक्के होते.

"मंगेश, माका एक दिस दी. बुधवारी कार्डां धाडू नको."