टाचेवरची जेली

अन्याय झाला तो माझ्या काकूवर. यंदाच्या नवरात्रात, अष्टमीला, संध्याकाळच्या आरतीनंतर, डोंबिवलीत आमच्याच इमारतीच्या मंडपात. करणारे आम्ही सगळे.

काकूला शुगर आहे. टाचेवरची जखम भरता भरत नव्हती. कल्याणच्या दवाखान्यातल्या सिस्टरने समुद्री शेवाळापासून बनवलेली पट्टी लावायला सुरुवात केली. दिसायला पांढऱ्या कापसासारखी. जखमेतलं पाणी शोषलं की तिची जेली होते, जखम ओलसर राहते आणि पट्टी बदलताना नवी कातडी ओढली जात नाही. सिस्टरने बजावलेलं, पिवळट दिसेल, थोडा वास येईल, घाबरू नका. टाच खरंच भरत आलेली. म्हणून तर काकू खाली उतरली.

आरतीला बराच वेळ उभी राहिली आणि पट्टीच्या कडेने जेली सतरंजीवर उतरली. कुणीतरी ‘पू’ म्हणालं. बायकांनी पोरं मागे ओढली. सेक्रेटरींच्या बायको म्हणाल्या, "वहिनी, घरी बसायचं ना. देवीसमोर हे काय?"

काकू सगळ्यांची माफी मागत, लंगडत लिफ्टकडे गेली. नाल्यात केमिकल सोडणाऱ्या कारखान्यांविरुद्ध पत्रकं काढणारी, चौकात माइक हिसकावून बोलणारी मी प्रसादाचं ताट धरून जागेवरच उभी.

दुसऱ्या दिवशी पट्टीचं पाकीट घेऊन सेक्रेटरींच्या घरी गेले. त्यांच्या बायकोला सगळं समजावलं. तर म्हणतात, "शेवाळ काय, पू काय, दिसायला घाणच ना गं?" वर मला चहा दिला. मी तो प्यायले. त्याचीही लाज वाटते.

काकू आता ती पट्टी लावूच देत नाही. कोरडा कापूस बांधते. तो चिकटतो, सोडवताना भरलेलं पुन्हा सोलून निघतं. सिस्टर म्हणाली, असंच चाललं तर पाय वाचवणं अवघड होईल. मी काकूवर ओरडले. ती कापूस गुंडाळत राहिली.

"पाय गेला तर घरातच राहीन. तशीही खाली कुठे जायचंय मला?"

याचं उत्तर आम्हीच दिलेलं आहे तिला, मंडपात, सगळ्यांनी मिळून.

तुमच्या मजल्यावरची कुणी बाई जखम झाल्यापासून बाहेर पडेनाशी झाली असेल, तर आज तिचं दार वाजवा. तिला खाली घेऊन या, तिच्या शेजारी बसा, आणि काही सांडलं तर मुकाट्याने पुसा.