किडे मोजायला पाहुणे आले, आणि किडेच नाहीत

मुलुंडकरांनो, सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

शहरातले कीटक मोजणाऱ्या एका हौशी गटाला मी आमच्या सोसायटीमागची बाग पाहणीसाठी सुचवली होती. तीन महिने तिथे मी झाडू फिरवू दिला नाही. कढीपत्त्यावरच्या अळ्यासुद्धा जपल्या.

आज त्या गटातल्या दोन मुली आल्या. बागेत शिरलो तर औषधाचा भपकारा!

सेक्रेटरी सावंत हसत पुढे. "मॅडम, कालच पेस्ट कंट्रोल करून घेतलं. पाहुण्यांना किडे दिसले तर आपली काय शोभा?"

"अहो सावंत, त्या किडेच बघायला आल्यात!"

"मग आधी सांगायचं ना!"

आधी? नोटीस बोर्डावर आठवडाभर पाहणीची सूचना आहे, खाली सही सावंतांचीच! बाईने आवाज चढवू नये, हे आमच्या शाळेतल्या नन्सनी शिकवलेलं आज मी विसरले.

तासभर शोधूनही मुलींचा तक्ता कोराच. शेवटी तक्त्यावर शिक्का घ्यायला सोसायटीच्या ऑफिसात गेलो. सावंतांनी खण उघडला आणि आतून एक धष्टपुष्ट झुरळ ऐटीत बाहेर आलं. मुलींनी आनंदाने फोटो काढला. आमच्या बागेची एकमेव नोंद, सेक्रेटरींच्या खणातली!

मुली पुढच्या महिन्यात पुन्हा येणार आहेत. तोवर सावंतांना गावी कसं धाडावं, सुचतंय का कुणाला?