दातांनी इंजिन ऐकणारा देवराव

बडनेऱ्याच्या आमच्या देवराव मिस्त्रीची गोष्ट सांगायची, तर सुरुवात त्याच्या दातांपासून करावी लागते. जुन्या मोटारींचे व्हॉल्व्ह घासून बसवण्यात त्याचं आयुष्य गेलं आणि इंजिनांच्या आवाजात कान गेले. पण गडी मोठा हिकमती. स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनावर टेकवायचा, मूठ दातांत धरायचा. टकटक जबड्यातून थेट डोक्यात.

आता ही टकटक कशाची? व्हॉल्व्हवर त्याला दाबणारा दांडा, म्हणजे रॉकर, आपटतो, त्या दोघांत बारीक फट लागते. फट वाढली की खडखड. फटच नसली, तर व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही, जळतो. मोजायला पोलादी पत्ती असते, पण जुन्या रॉकरला झिजून खड्डा पडतो आणि पत्ती खोटं सांगते. म्हणून ऐकावंच लागतं. एकदा एकजण मिरवत आला, "माही गाडी पाहा मिस्त्री, आवाजच नाही." देवराव त्याचे ओठ वाचून म्हणाला, "मंग व्हॉल्व्ह जयून राहिले तिचे."

केशरबाई, त्याची बायको, म्हणायची, "मोटारीचं आयकाले दात हायेत, माह्यं आयकाले काहीच नाही."

मग त्याच दातांत पू झाला. अमरावतीच्या डॉक्टरनं कागदावर लिहून दाखवलं : सगळे काढा, हाडात उतरतंय. देवरावनं कागद घडी करून खिशात घातला. अकोल्याच्या फुलवाल्या गोपालची आजोबांच्या वेळची ॲम्बॅसॅडर त्याच्याकडे उघडून पडली होती.

"दात गेले तर मी आयकू कायनं?" तो केशरबाईला म्हणाला. "हे गाडी झाली का काढू."

नवे व्हॉल्व्ह कलकत्त्याहून यायचे, ते येता येईनात. तोवर लवंग आणि गोळ्या. आले, तेव्हा गाल भाकरीसारखा फुगला होता. तरी त्यानं व्हॉल्व्ह घासले, बसवले आणि मूठ दातांत धरली. मी बाकड्यावर बसलो होतो. एकेका व्हॉल्व्हची फट लावताना त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं, मूठ लाल झाली होती. गाडी मात्र अशी बोलली म्हणता, वा!

आठवड्यात सूज गळ्यात उतरली. दवाखान्यात दात गेलेच, खालच्या जबड्याचा तुकडाही गेला.

तोंडातली जखम भरून आल्यावर गोपाल गाडी घेऊन आला. नवे व्हॉल्व्ह चालून बसले की फट पुन्हा पाहावी लागते. देवरावनं मूठ हिरड्यांत धरली. मग गालाला लावली, मग कपाळाला. नुसती घरघर. टकटक वेगळी निघेना.

"तू आयक," त्यानं स्क्रूड्रायव्हर केशरबाईच्या हातात दिला.

तिनं कानाला लावला आणि ऐकत ऐकत त्याच्या मनगटावर बोटानं ठोके दिले. सगळे सारखे. त्यानं टोक दुसऱ्या व्हॉल्व्हवर सरकवलं, तिसऱ्यावर. ती तसेच ठोके देत राहिली.

"यातला ढिल्ला कोणता?" त्यानं विचारलं.

तिनं मान हलवली. तिला सगळे एकच वाटत होते.

"काका, राहू द्या, चांगली चालून राहिली," गोपाल म्हणाला. देवराव त्याच्या ओठांकडे पाहत होता. त्यानं इंजिन बंद करायची खूण केली, बॉनेट हलकेच खाली घेतलं.

"अकोल्यात कोनाले दाखव," तो म्हणाला, "कान असलेल्या मानसाले."