बुधवारच्या सिनेमाखालची पट्टी

फोन वाजला तेव्हा पडद्यावर एक रबरी राक्षस शास्त्रज्ञाच्या मागे धावत होता आणि मी टाइप करत होतो, "राक्षसाच्या पाठीवरची चेन उघडी राहिली आहे. कुणीतरी लावा, सर्दी होईल."

फोनवर आमचे मालक, दिलीपशेठ.

"सोमनाथ, स्क्रीनवर काय लिव्हलंय रे?"

"काही नाही शेठ. साडीच्या दुकानाची जाहिरात चालू आहे."

"जाहिरात? मी घरी बसून वाचतोय ना. चेन लावा, सर्दी होईल. वहिनी तुझी हसून लोळती इथं. कोणाची चेन?"

गेला पाऊण तास मी जे काही टाइप करत होतो, ते अक्षर न् अक्षर आमच्या केबलच्या सगळ्या घरांत दिसत होतं.

हे नव्वदच्या दशकाच्या शेवटच्या वर्षांतलं. मी नाशिकला इंदिरानगरात एका केबलवाल्याच्या कंट्रोल रूममध्ये ऑपरेटर होतो. त्या काळी केबलवाला नुसती बाहेरची चॅनल्स पुरवत नसे. त्याचं स्वतःचंही एक चॅनल असायचं. दोन व्हीसीआर, कॅसेटींचं एक कपाट आणि मॉड्युलेटर, म्हणजे व्हीसीआरमधलं चित्र केबलवर चढवणारा डबा. एवढ्यावर चॅनल चालायचं. सिनेमाच्या खाली एक पट्टी सरकायची. तिच्यात दुकानांच्या जाहिराती, वाढदिवसाच्या शुभेच्छा, हरवलेली कुत्री, निधन वार्ता. ही पट्टी ज्या मशीनवर टाइप व्हायची त्याला आम्ही सीजी म्हणायचो. टाइप केलेलं आधी प्रीव्ह्यूच्या टीव्हीवर दिसे, म्हणजे फक्त मला. मग बटण खाली केलं की ऑन एअर, म्हणजे सगळ्यांना.

त्या दिवशी साडीची जाहिरात सोडली आणि बटण परत वर करायला विसरलो. एरवी हे लगेच लक्षात आलं असतं. शेजारी ऑन एअरचा दुसरा टीव्ही असायचा. पण शेठच्या घरचा टीव्ही बिघडला होता, क्रिकेटच्या मॅच चालू होत्या, म्हणून तीन दिवसांपूर्वी ते आमचा टीव्ही उचलून घरी घेऊन गेले होते. माझी चूक शेठनी माझ्याच टीव्हीवर पकडली.

आता मी ते टाइप का करत होतो, हेही सांगायला हवं. बुधवारी दुपारी शेठ चॅनलवर एक ठरावीक माल खपवायचे. मुंबईहून त्यांनी कॅसेटींचं एक खोकं आणलं होतं. त्यात सगळे परदेशी अंतराळाचे सिनेमे, हिंदीत डब केलेले. डबिंग तीनच माणसांनी केलेलं असावं, कारण राणी, रोबो आणि राष्ट्राध्यक्ष एकाच घशातून बोलायचे. यान म्हणजे कुकरची दोन झाकणं एकमेकांवर चिकटवलेली. नायक थकून दगडाला टेकला की अख्खा डोंगर हलायचा. चंद्रावर पळताना बुटांखाली हिरवं गवत दिसायचं.

मी लोकांना सांगायचो, "शेठ लावायला लावतात, आपण काय करणार." खरं तर मी बुधवारची वाट बघायचो. एकेक कॅसेट सकाळी आधी स्वतःसाठी लावून बघायचो, दुपारी पुन्हा बघायचो. ह्याची मला लाज वाटायची. मी सायखेड्याचा. घरचे सगळे शेतात, आणि मी शहरात जाऊन लय मोठं कायतरी करतो अशी त्यांची समजूत. त्यांना काय सांगणार, की मी कुकरची झाकणं उडताना बघतो?

कंट्रोल रूमला खिडकी नव्हती. लाइनमन सकाळी शिड्या घेऊन निघाले की संध्याकाळीच परतायचे. दहा ते सहा मी तोंड उघडायचो ते फोनवर "तक्रार लिहून घेतो" म्हणायला. खोलीवरही एकटाच. चांगला सिनेमा माणूस एकट्यानं बघू शकतो. वाईट सिनेमाचं तसं नसतं. तो बघताना हसू येतं, आपण शेजारी बघतो, आणि शेजारी कुणी नसतं. मग हसू तोंडातच राहतं आणि उलट जास्त एकटं वाटतं. म्हणून मी प्रीव्ह्यूवर टाइप करायला लागलो होतो. पडद्यावर माझं वाक्य उमटलं की दुसरं कुणीतरी बोलल्यासारखं वाटायचं.

शेठचा फोन ठेवला, बटण वर केलं आणि आता नोकरी गेली असं धरून बसलो. फोन येत राहिले. साडीच्या दुकानाचे मालक तापले होते. एका गृहस्थांना मुलीच्या वाढदिवसाची पट्टी कुठे गेली ते विचारायचं होतं. दोनतीन जण नुसते हसले आणि ठेवून दिलं. शेवटचा फोन एका बाईंचा होता.

"पट्टीवर लिहीत होते ते तुम्हीच का?"

"हो मॅडम. चूक झाली. परत होणार नाही."

"अहो, बंद का केलं? मी दर बुधवारी बघते हा मूर्खपणा. एकटीच असते. आज हसू आलं, तर माझ्याआधी कुणीतरी हसलेलं होतं."

"तक्रार लिहून घेतो," असं मी बोलून गेलो. त्या मोठ्यानं हसल्या.

संध्याकाळी शेठ आले. रागवायचं ठरवूनच आले होते, पण वहिनींनी घरी बाजू घेतली असावी.

"बुधवारचं चालू दे," ते म्हणाले. "पण जाहिरात संपल्यावर. आणि कोणाच्या निधनाच्या पट्टीला लागून असलं काय लिव्हू नको."

अशी माझी पट्टी अधिकृत झाली. पुढचे सातआठ महिने मी दर बुधवारी लिहीत होतो. "पृथ्वी वाचवायला चार जण निघाले आहेत. पाचव्याची रजा मंजूर झाली नाही." "शास्त्रज्ञाने गॉगल घातला, म्हणजे आता काहीतरी फुटणार." आधी तयारी करायचो, वहीत वाक्यं लिहून ठेवायचो. संध्याकाळी घरी जाताना गल्लीतल्या उघड्या खिडक्यांतून टीव्हीचे आवाज यायचे आणि वाटायचं, ह्या सगळ्यांनी आज आपलं वाचलं. कुणी ओळखत नव्हतं, तरी ताठ चालायचो.

सिनेमा संपला की बाईंचा फोन यायचा. त्यांचं नाव जाधव सिस्टर. सरकारी दवाखान्यातून नर्स म्हणून रिटायर झालेल्या. नवरा वारून बरीच वर्षं झाली होती, मुलगा बंगळूरला. आधी मला "अहो भाऊ" म्हणायच्या, मग "सोमनाथ" म्हणायला लागल्या. मी नाव कळल्यापासून "सिस्टर"च म्हणत होतो.

"त्या डॉक्टरनं इंजेक्शन स्वेटरवरून दिलं, बघितलंस का?"

"नाही सिस्टर, माझं लक्ष यानाच्या दोरीकडे होतं."

"स्वेटरवरून! आणि पेशंट उठून बसला. मी असते तर दोघांना वॉर्डाबाहेर काढलं असतं."

कधी कधी त्या मला दटावायच्या. "त्या राणीला फार हसू नकोस. बिचारी थर्माकोलला बघून मनापासून घाबरते." हे मला पटायचं. त्या सिनेमांत कुणीही अर्ध्या मनानं काम करत नव्हतं. पैसा नाही, राक्षस धड नाही, तरी प्रत्येक जण जीव तोडून पृथ्वी वाचवत होता. मला वाटतं, लाज बाजूला ठेवली तर ते बघण्यातली खरी मजा हीच होती.

त्या फोनचं मला किती अप्रूप होतं ते आज सरळ सांगतो. आठवड्यात तेवढीच दहा मिनिटं मी कुणाशी तरी बोलायचो.

एका बुधवारी त्या म्हणाल्या, "मुलगा न्यायला येतोय. शनिवारी निघायचं. घर भाड्यानं देणार."

"परत कधी?"

"परत कसलं. पुढचा बुधवार काही मला मिळत नाही. तेव्हा असं कर, परवा शुक्रवारी तुझी कॅसेट लाव आणि माझ्याकडे बघायला ये. एकदा तरी सोबत बघू."

इथं आमच्या कामाचा एक नियम सांगतो. सिनेमा चालू असताना ऑपरेटरनं खोली सोडायची नाही. वीज जाते, टेप गुंतते, काहीही होतं. आधीच्या ऑपरेटरला शेठनी एवढ्याच कारणावरून घरी बसवलं होतं. तो चहा प्यायला गेला होता फक्त. मला हे माहीत होतं. तरी शुक्रवारी दुपारी मी कौटुंबिक सिनेमाच्या जागी अंतराळाची कॅसेट लावली, पट्टीवर नुसत्या जाहिराती सोडल्या, खोलीला कुलूप लावलं आणि सायकल काढली.

सिस्टरांचं घर दहा मिनिटांवर, दुसऱ्या मजल्यावर. दार उघडलं तर माझ्या डोक्यात होत्या त्यापेक्षा बुटक्या निघाल्या. त्यांनाही मी वेगळाच वाटलो असणार. "बारीक आहेस रे," एवढंच म्हणाल्या. अर्धं सामान बांधलेलं होतं. टीव्ही आणि दोन खुर्च्या तेवढ्या ठेवल्या होत्या. चिवडा आणि चहा झाला. आम्ही सिनेमा बघायला बसलो.

आणि दोघांनाही हसू येईना. फोनवर इतकं बोलणारी माणसं आम्ही, शेजारी बसल्यावर पाहुण्यांसारखी गप्प. यान उडालं. डोंगर हलला. सिस्टरांनी विचारलं, "चहा आणखी?" मी म्हटलं, "नको." पट्टीवर साडीची जाहिरात सरकत होती. आपण उगाच आलो, असं मला वाटायला लागलं.

अर्ध्या सिनेमात, राणी काहीतरी गुपित सांगायला तोंड उघडते तिथं, चित्र लांब ताणलं गेलं, खरखरलं आणि पडदा निळा झाला. व्हीसीआरनं टेप खाल्ली होती.

मी उभा राहिलो. "सिस्टर, मला पळायला हवं."

"पळ," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण राणी काय सांगणार होती?"

सिनेमा मी सकाळीच पाहिलेला होता. दारात उभ्याउभ्या सांगितलं, "ती म्हणणार होती, की नायक तिचा हरवलेला मुलगा आहे."

"मुलगा? तो तर तिच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा दिसतो!"

"हो ना. म्हणून ती म्हणते, आमच्या ग्रहावर काळ उलटा चालतो."

सिस्टर हसल्या. फोनवर यायचं तेच हसू, पण आता ते हसताना खुर्चीही करकरत होती. मी परत बसलो. नोकरी जाईल हे कळत होतं आणि मी बसलो. निळ्या पडद्यासमोर बसून मी उरलेला सिनेमा तोंडानं सांगितला. रोबोचा आवाज काढला, राष्ट्राध्यक्षांचाही तोच. राक्षस कसा पायरी चुकून पडतो आणि तरी तो सीन ठेवलाय, ते उठून करून दाखवलं. सिस्टरांनी मधे मधे वैद्यकीय हरकती घेतल्या. पदरानं डोळे पुसले. पृथ्वी वाचेपर्यंत चाळीस मिनिटं गेली होती.

निघताना त्यांनी चिवड्याची पुडी हातात दिली. "बंगळूरला केबल असेल," त्या म्हणाल्या, "पण पट्टी नसणार." मी पाया पडलो आणि जिना उतरलो.

कंट्रोल रूमचं कुलूप उघडं होतं. दिलीपशेठ माझ्या खुर्चीत बसले होते, समोर फोन आणि तक्रारींची वही. व्हीसीआरचं झाकण काढलेलं, टेपचं जंजाळ टेबलावर.

"कुठं होता?"

"सिनेमा बघत होतो शेठ. एका ग्राहकाकडे."

"मी आलो तवा स्क्रीन नुकता निळा झाला होता. म्हटलं, आता फोन करतील लोकं. एकेक तक्रार लिव्हून घेतो आणि तुझ्या तोंडावर मारतो." त्यांनी वही माझ्याकडे सरकवली. वर तारीख होती. खाली पान कोरं.

"एकपण फोन आला नाय," शेठ म्हणाले. त्यांचा राग कुठं गेला होता कुणास ठाऊक. "पाऊण तास मी फोनकडं बघत बसलोय. सोमनाथ, हे कोणी बघतच नाय रे."

नोकरी राहिली. खोकं माळ्यावर गेलं, बुधवारी भजनांच्या कॅसेटी सुरू झाल्या आणि पट्टीवर फक्त जाहिराती राहिल्या. बंगळूरहून फोन येईल अशी अपेक्षा मी ठेवली नव्हती. तरी पुढचे काही महिने बुधवारी डबा उशिरा खायचो. फोन आला नाही.

आमच्या धंद्यात प्रेक्षक मोजायचं यंत्र नव्हतं. नव्या ऑपरेटरांना मी सांगायचो, की आपलं कोण बघतं हे कळायचं असेल तर चित्र घालवून फोनपाशी बसावं. बाकीचं त्यांना सांगितलं नाही. मी सात-आठ महिने सगळ्या इंदिरानगरासाठी लिहितोय असं समजत होतो, आणि त्या शुक्रवारी तक्रार करू शकणारं एकच माणूस होतं. ते माझ्या शेजारच्या खुर्चीत बसून, पुढं काय झालं, असं विचारत होतं.