सगळी मतं परबकाकूंकडे

सोसायटीच्या सेक्रेटरीला किस्से शोधावे लागत नाहीत. ते स्वतःच येऊन बेल वाजवतात, तेही नेमके जेवायच्या वेळेला! आमच्या चारकोपच्या बिल्डिंगमध्ये ब्लॉकचेन आल्यापासून तर मी गरम पोळी विसरलोय.

ती आणली क्षितिजाने. कर्णिककाकांची मुलगी, सॉफ्टवेअरवाली. कारण होतं लिफ्ट. चौथ्या मजल्यावरचे सावंतकाका लकवा झाल्यापासून खाली उतरलेच नव्हते, आणि मीटिंगमध्ये लिफ्टचा विषय निघाला की आम्ही सामोसे खात एकमुखाने म्हणायचो, "बघू!" क्षितिजा वैतागली. "आता ठराव फोनवर. एका फ्लॅटला एक मत. नोंद सगळ्यांच्या फोनमध्ये. एकदा दाबलं की सेक्रेटरीलासुद्धा खोडता येणार नाही!" शेवटचं वाक्य ती माझ्याकडे बघून म्हणाली. लागलं मला ते.

* * *

प्रत्येक फ्लॅटला बारा शब्दांचा गुप्त पासवर्ड मिळाला. "कुणालाही दाखवायचा नाही," तिने पुन्हा पुन्हा बजावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या ग्रुपवर, शुभ सकाळच्या गुलाबाखाली, पहिल्या मजल्यावरून बाराच्या बारा शब्द आले. "हरवायला नकोत ना!" दुपारपर्यंत अर्ध्या बिल्डिंगने आपापले टाकले होते. क्षितिजा त्या दिवशी ऑफिसला गेलीच नाही.

* * *

सरावासाठी आधी रंगाचा ठराव घेतला. कर्णिककाका सरकारी नोकरीतून निवृत्त झालेले. त्यांनी घाईत गुलाबी दाबलं, आणि त्यांच्याच एका मताने गुलाबी जिंकला.

"बाबा, आता ते बदलत नाही," मुलगी म्हणाली. काका रीतसर अर्ज घेऊन माझ्याकडे हजर. 'मा. ब्लॉकचेन यांस, विषय: मत बदलून मिळणेबाबत.'

"काका, हा मी कुणाकडे पाठवू?"

"तू फक्त पोच दे रे, बाकी मी बघतो!"

दिली पोच. काका निर्धास्त झाले. बिल्डिंग गुलाबी आहे.

* * *

एवढं सगळं झालं, पण पुढच्या ठरावांना घरी बसून कुणी मत देईना! शेवटी मी खाली पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या आणि सामोसे मागवले. सगळे आले. तेलकट बोटांनी फोन काढले आणि शेजारच्याच्या स्क्रीनमध्ये डोकावत विचारायला लागले, "तू काय दाबलंस?"

"अरे, मतदान गुप्त आहे!" क्षितिजा ओरडली.

"हो गं, आम्ही बाहेर कुणाला सांगतोय?"

* * *

मग तिने आणखी एक सोय सांगितली. ज्याला जमत नाही त्याने आपलं मत विश्वासातल्या माणसाच्या हवाली करावं.

आता आमच्याकडे विश्वासातला माणूस म्हणजे तळमजल्यावरच्या परबकाकू. सगळ्यांच्या घराच्या चाव्या त्यांच्याकडे, सिलिंडर त्याच घेणार, कुरिअरही त्याच घेणार. लोकांनी त्याच सवयीने मतंही ठेवून दिली. एकूण एक फ्लॅटने! सत्ता वाटून टाकायला निघालेली क्षितिजा कपाळाला हात लावून बसली.

मी मात्र घाबरलो. काकू आणि सावंतकाका एकाच गावचे, पण वरून काकांच्या कुंडीचं पाणी काकूंच्या वाळवणावर पडलं तेव्हापासून बोलणं बंद. आणि सावंतकाकांनीही मत काकूंनाच दिलेलं! "भांडखोर आसा," ते मला म्हणाले, "पण चावी कधी हरवूक नाय तिना."

* * *

लिफ्टच्या ठरावाला सगळे पार्किंगमध्ये जमले. काकू चष्मा लावून एकेक फ्लॅटचं मत दाबत होत्या. वर चौथ्या मजल्याच्या ग्रिलला सावंतकाका टेकून उभे होते. मला त्यांच्याकडे बघवेना.

निकाल आला. सगळ्या फ्लॅटचं 'हो', फक्त एकाचं 'नाही'. ठराव पास! टाळ्या संपल्यावर क्षितिजाने विचारलं, "काकू, हे 'नाही' तुमच्या स्वतःच्या फ्लॅटचं?"

"मगे? लोकांची मतां लोकांची. तेका लिफ्ट गावांदे. पण माझो राग अजून गेलो नाय, ह्या तेका कायमचा दिसाक व्हया!"

वरून सावंतकाकांचा आवाज आला, "बरा झाला गो! सगळीच 'हो' इली असती तर माका काळजी लागली असती, तू आजारी-बिजारी पडलंस की काय!"