काम झालंय म्हणे

शहर बसच्या स्टिअरिंगवर अर्धं आयुष्य काढलेली ती बाई. रोज कुणी ना कुणी बसला आडवं यायचंच. प्रत्येकाशी भांडत बसली असती तर पहिल्या थांब्याच्या पुढे गेली नसती. म्हणून राग आला तरी ती तो गिळून टाकायची. दादाच्या मोटरसायकलपायी मात्र तिचा तोल सुटला.

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. दुकानांवरच्या पाट्या रंगवायचा, शिडीच्या टोकाला उभा राहून माणसाच्या उंचीची अक्षरं काढायचा. तरुणपणी एकदा भर रस्त्यात गाडीचं मागचं चाक अचानक अडकलं, तो फेकला गेला आणि गुडघ्याचा चुराडा झाला. शिडी सुटली ती सुटलीच. मग रंगाच्या दुकानात बसून दुसऱ्यांना डबे विकायचे, एवढंच उरलं. वडील तेव्हापासून आल्यागेल्याला सांगायचे, "वेगाचा माज, दुसरं काय?" दादा मान खाली घालून ऐकायचा. पुढे पुढे तोही तसंच सांगू लागला.

गाडी घरामागे ताडपत्रीखाली पडून होती. जुन्या गाड्यांचा एक शौकीन ती विकत घ्यायला आला. त्याने इंजिनवरचा नंबर पुसून वाचला आणि सहज विचारलं, "हिचं रिकॉलचं काम झालंय का?"

"कसलं काम?" तिने विचारलं.

"या सालच्या गाड्या कंपनीने परत बोलावल्या होत्या. ऑइल पंप फिरवणारं दातेरी चाक प्लास्टिकचं होतं. ते तुटलं की इंजिनला तेल मिळत नाही. मग इंजिन जाम आणि मागचं चाकही जाम. म्हणून धातूचं बसवून देत होते."

ती दादाकडे बघतच राहिली. दादा म्हणाला, "मी नेली होती की. पडलो त्याच्या थोडं आधी. संध्याकाळी परत दिली, काम झालंय म्हणाले."

ती तडक कंपनीच्या वर्कशॉपमध्ये गेली. मॅनेजरने कॉम्प्युटरमध्ये नंबर घातला. "काम पूर्ण दाखवतंय, मॅडम."

"मग चाक का अडकलं?"

"त्याला शंभर कारणं. चालवणारा कसा चालवतो, त्यावरही असतं."

या वाक्याने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने गाडी टेम्पोत घातली आणि बस डेपोतल्या मिस्त्रीकडे नेली. त्याने इंजिनचं कव्हर उघडलं. आत पिवळं पडलेलं प्लास्टिकचं चाक होतं, अर्धे दाते उडालेले. मिस्त्री म्हणाला, "ताई, याला कुणी हातच लावलेला नाही."

ते चाक तिने मॅनेजरच्या टेबलावर आपटलं. तो गडबडला. "लगेच नवं बसवून देतो. फुकटात."

"गाडीचं नंतर बघू. आधी घरी चला आणि हे माझ्या वडिलांना सांगा."

"अहो, मी तेव्हा शाळेत होतो."

"असाल. पण खुर्ची याच कंपनीची आहे ना?"

तो उठेना, तेव्हा ती बाहेर जाऊन उभी राहिली आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागली, "काम झालं म्हणतात, उघडून बघितलंत का?" तिसऱ्या गिऱ्हाइकाला मॅनेजर निमूट बाहेर आला.

घरी वडिलांसमोर तो बुटांकडे बघत म्हणाला, "काम झालं नव्हतं. झालं, अशी नुसती नोंद केली होती."

"म्हणजे हा वेगात नव्हता?"

"हळू असते तरी पडले असते, आजोबा."

वडील दादाकडे वळले. म्हणाले, "दवाखान्यात मी तुला विचारलं होतं, प्यायला होतास का म्हणून."

"हो."

"सगळ्यांसमोर."

"हो," दादा म्हणाला. त्याने वडिलांना समजावलं नाही, जाऊ द्या म्हटलं नाही. मग मॅनेजरकडे वळून बोलला, "मी वेगात होतो असं मला आठवायलाही लागलं होतं हो. काटा कुठे होता, तेसुद्धा सांगायचो."

बहिणीने मॅनेजरला बसा म्हटलं नव्हतंच; आता दार उघडून धरलं.

गाडी शेवटी शौकिनानेच नेली. वर्कशॉपमध्ये धातूचं चाक बसवताना तो शेजारी उभा राहिला, आणि कव्हर बंद होईपर्यंत तिथून हलला नाही.